चित्रा हृदयझडप आणि मेंढीची साक्ष : एक चिकित्सा

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली कृत्रिम हृदयझडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविण्यात आली. तिच्या स्वदेशीपणाचा व स्वस्ताईचा गौरव पुष्कळ झाला. टिकाऊपणाच्या परीक्षेची चिकित्सा त्या मानाने उपेक्षित राहिली.

हृदय वर्षाकाठी सुमारे ४ कोटी वेळा धडधडते. म्हणून यांत्रिक झडपेची प्रयोगशाळेतील झीज-चाचणी ४० कोटी आवर्तनांची, म्हणजे दहा वर्षांच्या हिशेबाची असते. कृत्रिम नीलमाची चकती असलेले आधीचे प्रारूप झिजेच्या कसोटीत सरस होते. मेंढीच्या हृदयात मात्र ती चकती सुमारे तीन महिन्यांत फुटली. त्यानंतरच पॉलिएथिलीनची चकती आली. यंत्राने लपविलेला दोष मेंढीने उघड केला, हे निर्विवाद आहे. परंतु मेंढी काही महिने जगली, म्हणून झडप वीस वर्षे टिकेल, हा व्यत्यास ग्राह्य धरता येत नाही. मेंढीच्या शरीरात कॅल्शियम लवकर साचते; हा निकष प्राणिज ऊतींच्या झडपांना उपयोगी, प्लॅस्टिकच्या झिजेविषयी तो जवळजवळ मौन पाळतो.

उरतो तो रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा. जळगाव जामोदसारख्या तालुक्यातून महानगरात शस्त्रक्रियेस गेलेला रुग्ण दहाव्या वर्षी तपासणीस पोहोचतोच, असे कोण म्हणेल?