'झोन' आणि पेठ

धरमपेठेंत राहणारा मनुष्य महानगरपालिकेच्या दप्तरीं 'धरमपेठ झोन'मध्यें राहतो. नागपुराचे असे दहा झोन आहेत. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ कमरपट्टा. प्राचीनांनीं पृथ्वीभोंवतीं एक उष्ण, दोन समशीतोष्ण व दोन शीत असे पांच पट्टे कल्पिले, त्यांस हें नांव मिळालें. आमच्या भूगोलकारांचा 'कटिबंध' मुळांतलें चित्र जसेंच्या तसें राखतो. इतका चोख प्रतिशब्द क्वचितच साधतो.

शब्द नकाशावरून कचेरींत आला आणि चित्र पुसलें. पोलिसांनीं 'परिमंडळ' केलें. हिंदी बँकांनीं 'अंचल', म्हणजे पदर! ग्रीकांनीं कंबर बांधिली तेथें आम्हीं पदर पसरला.

पालिकेचा झोन कशासच वेढीत नाहीं. तो रेघ ओढून पाडलेला वांटा आहे. तेथें 'कटिबंध' हास्यास्पद होईल, हें मान्य. शब्द परका म्हणूनही आमची तक्रार नाहीं. 'पेठे'चे सोयरे कानडी 'पेटे'त नि तमिळ 'पेट्टै'त आहेतच. पण पेठ बाजाराभोंवतीं वाढते, तिला स्वतःची वेस असते. 'झोन' जोडतांच ती वेस मोडते, आणि ज्यांनीं या पेठेंत कधीं भाजी घेतली नाहीं अशा दूरच्या वस्त्याही कागदोपत्रीं धरमपेठ ठरतात. साधा 'विभाग' क्रमांकासह वापरला असता, तर प्रत्येक वस्तीचें नांव तिच्यापाशींच राहिलें असतें.