तबकडीकडे परतताना : हौस आणि रसिकता

ध्वनिमुद्रिका, म्हणजे आपल्या घरगुती बोलीतली तबकडी, पुन्हा चर्चेत आली आहे. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच कॉम्पॅक्ट डिस्कच्या पुढे गेले आणि २०२२ मध्ये नगांच्या संख्येतही डिस्क मागे पडली. आपल्या देशात कलकत्त्याला १९०८ पासून तबकड्या तयार होत असत. पुढे ते उत्पादन थंडावले, आणि २०२४ साली मुंबईत तबकड्या दाबण्याचा कारखाना पुन्हा सुरू झाला. घरबसल्या माल मागवण्याची सोय झाल्यापासून मावल्यातही टर्नटेबल आणणे अवघड राहिलेले नाही. तेव्हा या परतण्याचा विचार गांभीर्याने करावयास हवा.

परतण्याचे दोन प्रकार संभवतात. एक हौसेचे आणि दुसरे रसिकतेचे. हौसेला वस्तू हवी असते. पितळी कर्णा, लाकडी पेटी, गरगर फिरणारी काळी थाळी आणि तिच्यासोबतचे छायाचित्र एवढ्यावर तिचे समाधान होते. रसिकतेला त्या थाळीतले गाणे हवे असते, आणि त्यासाठी ती यंत्राकडे चिकित्सेने पाहते. हौस वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळदा रसिकतेची वाट हौसेच्या अंगणातूनच जाते. परंतु तबकडीच्या बाबतीत अजाण हौस एक हानी करते, ती भरून येत नाही. चुकीच्या सुईखाली फिरलेली तबकडी दर फेरीला थोडी थोडी पुसली जाते. पुस्तक निष्काळजीपणे वाचले म्हणून त्यातली अक्षरे जात नाहीत. येथे मात्र जातात.

प्रथम एका लोकप्रिय समजाची परीक्षा करू. तबकडीचा आवाज 'खरा' आणि संगणकीय आवाज 'खोटा' असे आवेशाने सांगितले जाते. मोजमापांचा आधार या विधानाला नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर कॉम्पॅक्ट डिस्कवर सुमारे ९६ डेसिबल असते. चांगल्या लाँग प्ले तबकडीवर ते साठ-सत्तरच्या घरात राहते. शिवाय तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे स्वर मुद्दाम उचललेले असतात; वाजवताना अॅम्प्लिफायर हीच क्रिया उलट करतो. १९५४ पासून तिचे एक प्रमाण ठरले. म्हणजे तबकडीतला 'खरा' आवाजही एका संस्कारातून आलेला असतो. ज्याला आपण ऊब म्हणतो, तिच्यात गायकाचा वाटा किती आणि यंत्राचा किती, हे वेगळे करून पाहणे हेच समीक्षकाचे काम होय.

मग तबकडीचे मोल कशात आहे? आमच्या मते ते तीन गोष्टींत आहे : तिने घडवलेल्या रूपबंधात, तिच्यावरच उरलेल्या गाण्यात आणि तिने लावलेल्या ऐकण्याच्या शिस्तीत.

रूपबंधाची गोष्ट मोठी आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्याला गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासून आपल्या गवयांपुढे दहा इंची थाळी आणि तीन-साडेतीन मिनिटे एवढाच अवकाश ठेवला गेला. गाण्याच्या शेवटी गायिका इंग्रजीत आपले नाव सांगे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या जात आणि तेथल्या कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे लागे. ज्या बालगंधर्वांचे एकेक पद रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत रात्र सरवी, त्यांना तेच पद या चिमटीत बसवावे लागले. यास पुष्कळांनी संक्षेप म्हटले आहे. आम्हांस तो शब्द अपुरा वाटतो. दीर्घकाव्य आटवून भावकविता होत नाही. भावकविता मुळातच वेगळी रचना असते. अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातील तबकड्या ऐकाव्यात. आलाप कोठे थांबवायचा, कोणती जागा एकदाच दाखवून सोडून द्यायची, याचा निर्णय तेथे प्रत्येक श्वासाला झालेला आहे. कुमार गंधर्व लहानपणी अशाच तबकड्या ऐकून थोरामोठ्यांची गायकी हुबेहूब उभी करीत, आणि भीमसेन जोशी यांनी खाँसाहेबांची तबकडी ऐकून गुरूच्या शोधात घर सोडले, हे सर्वश्रुत आहे. बेळगाव-गदगकडच्या या दोन मुलांपर्यंत थोरांची गायकी तीन मिनिटांच्या थाळीतून पोचली. त्या थाळीत केवळ नमुना असता, तर असे घडले नसते.

याच संदर्भात केसरबाई केरकर यांचे उदाहरण पाहावे. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या या गायिकेची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर पाठवण्यात आली. याने ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली आणि त्याच १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. मानवजातीचा परिचय म्हणून निवडलेल्या गाण्यांत एक गाणे कोकणी-मराठी मुलखातल्या बाईचे आहे, याचा अभिमान आपण बाळगतोच. परंतु तपशील निराळाच बोलका आहे. त्या तबकडीसोबत ती वाजवण्याची सुईही पाठवलेली आहे, आणि आवरणावर किती वेगाने फिरवावी याची आकृती कोरली आहे. ज्यांनी तबकडी अंतराळात धाडली, त्यांना ठाऊक होते की योग्य सुई आणि योग्य वेग नसेल तर तबकडी म्हणजे नुसता धातू. पृथ्वीवरच्या आपणां श्रोत्यांना मात्र याचा विसर पडतो.

१९४८ मध्ये लाँग प्ले आली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळाला. १९५५ साली अली अकबर खाँ यांची दोन रागांची तबकडी यहुदी मेन्युहिन यांच्या प्रास्ताविकासह पश्चिमेत निघाली, आणि रागाला थाळीवर प्रथमच पाय पसरता आले. त्याच वर्षी १ एप्रिलला पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. छप्पन गीतांची ती मालिका आठवड्याला एक गीत अशी १९ एप्रिल १९५६ पर्यंत चालली. नभोवाणीवर ती मालिका श्रोत्याला वाट पाहायला लावी. तबकडीवर आल्यावर तीच परत परत ऐकण्याची वस्तू झाली. माध्यम बदलले की ऐकणाराही बदलतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

आता समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. जुन्या गायकांविषयी आज जी मते मांडली जातात, ती बहुधा संगणकावर चढवलेल्या नकला ऐकून. सुरुवातीच्या काळातील तबकड्या सर्वच काही मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत. वेगात साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते वा उतरते. वेग न तपासता केलेल्या नकलेवरून अमुक गवई उंच पट्टीत गात असे म्हणणे, त्याची तान अशक्य द्रुत ठरवणे किंवा त्याच्या आवाजाला किनरा म्हणणे हा त्या कलावंतावर अन्याय आहे. दुसरा दोष याच्या उलट्या टोकाचा. खरखर काढण्याच्या भरात तंबोऱ्याची झार आणि आवाजातली वरची आस दोन्ही पुसली जातात. उरते ते गुळगुळीत, निर्जीव गाणे. पाठभेद न पाहता संतवाङ्मयावर लिहिणाऱ्यास आपण जाब विचारतो. गाण्याच्या संहितेबाबतही तोच काटेकोरपणा हवा. मूळ तबकडी आणि ती नीट वाजवणारे यंत्र यांची गरज येथे उत्पन्न होते.

हे यंत्र बेताच्या पैशांत उभे राहू शकते काय? निःसंशय राहू शकते. मात्र खर्चाचा क्रम उलटा धरावा लागतो. बाजार आधी पेटी दाखवतो. आपण आधी सुई पाहावी. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला सुमारे तीन हजारांश इंच टोकाची सुई लागते. लाँग प्लेच्या सुईचे टोक साधारण त्याच्या चौथाई असते. सुटकेससारख्या स्वस्त पेट्यांवर तीन वेगांचा खटका असतो, पण सुई बहुधा एकच, लाँग प्लेची. ती लाखेच्या तबकडीत तळाशी घासत जाते आणि गाण्याऐवजी धूळ ऐकवते. तिचा भारही पाच ग्रॅमच्या आसपास वा अधिक असू शकतो. चांगले कार्ट्रिज दोन ग्रॅमवर सुखाने चालते. शोभेच्या पितळी कर्ण्यांविषयी तर बोलावयासच नको. चावीच्या फोनोची पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते, आणि लाँग प्लेला तिचा स्पर्शही होता कामा नये.

ज्यांच्याकडे केवळ लाँग प्ले आहेत, त्यांना ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी६०एक्स सारखे साधे, स्वयंचलित टर्नटेबल पुरे होते. त्यात प्रीअॅम्प अंगचाच असतो, मात्र ७८ चा वेग नसतो. ज्यांच्या घरी लाखेच्या थाळ्या आहेत, त्यांनी तीन वेगांचे आणि सुई बदलता येणारे यंत्र घ्यावे. व्हीएम९५ या मालिकेत लाँग प्लेचे आणि ७८ चे अशी दोन्ही कार्ट्रिजे मिळतात. त्यानंतर पैसा स्पीकरवर घालावा. जुना, दुरुस्त केलेला अॅम्प्लिफायर नव्या चकचकीत संचाहून पुष्कळदा सरस ठरतो. त्याला फोनोचे स्वतंत्र तोंड असेल तर प्रीअॅम्पचा खर्चही वाचतो, कारण सुईकडून येणारा संदेश अवघ्या काही मिलिव्होल्टांचा असतो आणि साध्या तोंडाला तो पेलत नाही. महागड्या तारा शेवटी, किंबहुना कधीच नाहीत.

जपणुकीला तर पैसाच लागत नाही. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नयेत. आपल्याकडचा मे महिना व्हायनिलला वाकवावयास समर्थ आहे. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, लाख त्यात विरघळते. मऊ ब्रश आणि संयम एवढी सामग्री बहुतेक वेळा पुरते.

या लाखेशी आपले नाते निकटचे आहे. जुन्या तबकडीतला जीव ज्या लाखेने धरून ठेवला आहे, ती पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांनी दिलेली. आणि पळस म्हणजे आदिलाबादच्या रानाची फाल्गुनातली ओळख. १९५६ साली राजुरा आणि किनवट हे तालुके या जिल्ह्यातून तिकडे गेले, आपली घरे अलीकडे राहिली. सरकारी कागदाची भाषा पुढे तेलुगू झाली आणि मुलांची शाळाही बहुतेक तेलुगूत वा इंग्रजीत गेली. त्यात गैर काही नाही. ज्या मातीत राहायचे तिची भाषा यावीच. परंतु मुद्रित मराठी वाचू न शकणारी नातवंडे मराठी गाणे ऐकू शकतात. ज्या घरात पुस्तकांचे कपाट आता उघडत नाही, तेथे भावगीताची वा नाट्यपदाची एक तबकडी भाषेचा शेवटचा उघडा दरवाजा ठरू शकते. म्हणून ट्रंकेतल्या थाळ्या किलोच्या भावाने जाऊ देणे ही केवळ अडगळ काढणे नव्हे. ज्या गाण्यांच्या नकला कोठेच झालेल्या नाहीत, त्यांची शेवटची प्रत कोणाच्या माळ्यावर पडून असेल हे आधी सांगता येत नाही. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था हेच काम करीत आली आहे. तिच्या संग्राहकांनी जुन्या तबकड्यांच्या याद्या केल्या, लेबलांचे इतिहास लिहिले. आपल्या भागातील याद्या मात्र आपल्यालाच कराव्या लागतील.

यावरून आमचे मत असे की, दहा घरांनी दहा स्वस्त पेट्या घेण्यापेक्षा एकत्र येऊन एक चांगले टर्नटेबल, दोन सुया आणि एक जोडी प्रामाणिक स्पीकर घ्यावेत. घरोघरच्या तबकड्यांची यादी व्हावी : लेबल, क्रमांक, गायक, भाषा. मराठीबरोबर उर्दू आणि तेलुगू थाळ्याही तीत याव्यात, कारण त्या ट्रंकांत या तिन्ही भाषा शेजारी म्हणूनच राहिल्या आहेत. महिन्यातून एकदा बसून एक बाजू पूर्ण ऐकावी, मध्ये न बोलता, आणि मग बोलावे. वेग तपासून, खरखर न पुसता एक नकल करून ठेवावी. तबकडीने लावलेली शिस्त ती हीच : सुई ठेवल्यावर गाणे संपेपर्यंत आपल्याला दुसरे काम नसते. ही शिस्त ज्याला मानवली, तो परतला असे म्हणावे. बाकीच्यांनी एक सुंदर पेटी घेतली, एवढेच.