भाषा येते म्हणजे काय येतं?

मागच्या वेळी आपण खेळातला नियम आणि व्यवहारातला नियम यांतला फरक पाहिला. आज तोच धागा एका उदाहरणातून पुढे नेऊ. उदाहरण आहे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि एक जण बाकीचं सगळं जग चालवतो. काय करायचं ते बोलून सांगायचं, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकायचा. म्हणजे हा खेळ मुळातच बोलण्याचा आहे. मग भाषेबद्दल त्याचे नियम काय म्हणतात, हे तपासायला हवं.

२०१४ च्या आवृत्तीत पात्राच्या कागदावर भाषांची यादी असते : कॉमन, एल्विश, ड्वार्व्हिश वगैरे. यादीत नाव असलं की भाषा येते, नसलं की येत नाही. नवी भाषा शिकायला २५० दिवस लागतात आणि रोज एक सोन्याचं नाणं. नियम शब्दशः घेतला तर २४९व्या दिवशी काहीच येत नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळं येतं! इथे भाषा ही खिशातल्या किल्लीसारखी झाली. किल्ली आहे किंवा नाही, एवढंच.

या नियमामागे शहाणपण नाही असं आम्ही म्हणणार नाही. हाताशी वेळ तीन-चार तासांचा. पाचांपैकी दोघांनाच गॉब्लिनांची भाषा येत असेल, तर उरलेले तिघे मोबाईल बघत बसतील. म्हणून सर्वांना कॉमन येते. तेही पुरलं नाही, तर परकी भाषा तासभर समजावी यासाठी पहिल्याच पातळीचा मंत्र तयार आहे. थोडक्यात, अडचण उभी राहण्याआधीच ती मिटवलेली आहे.

दुसरा मार्ग टक्क्यांचा. ‘कॉल ऑफ कथुलू’ या १९८१ च्या खेळात परकी भाषा टक्क्यांत मोजतात. ४० टक्के असेल, तर फाशावर ४० किंवा कमी पडायला हवेत. हे जास्त वास्तव वाटतं, पण विचार करून पाहा. ज्याला थोडं जर्मन येतं, तो दहांतले चार कागद पूर्ण वाचतो आणि सहा अजिबात नाही, असं होतं का? त्याला दहाही कागदांतलं थोडंथोडं कळतं. आणि तो कुठे अडतो, हे नशिबावर नसतं. भाव विचारणं जमतं, करारातली अट निसटते.

‘गर्प्स’ या खेळाच्या २००४ च्या आवृत्तीने बोलणं आणि वाचणं वेगळं मोजलं, आणि प्रत्येकाला पायऱ्या दिल्या : मोडकीतोडकी, परका हेल असलेली, मातृभाषेसारखी. या तिघांत आम्हांला हाच प्रयत्न सरस वाटतो. तरी शेवटी तिथेही फाशाच्या हिशोबात वजाबाकीच होते. म्हणजे प्रश्न ‘किती येते’ हाच राहिला.

विट्गेन्स्टाइनच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक गवंडी आणि त्याचा मदतनीस आहेत. त्यांच्या भाषेत शब्द फक्त चार : ठोकळा, खांब, फरशी, तुळई. तेवढ्या कामाला ती भाषा पुरी आहे. तेव्हा ‘किती’ विचारण्याआधी ‘कशासाठी’ हे विचारायला हवं. आपल्याकडे लोक हेच तर सांगतात! ‘मला अमुक भाषा ४० टक्के येते’ असं कोण म्हणतं? ‘समजते, पण बोलता येत नाही’, ‘कामापुरती येते’, ‘बोलतो हो, पण त्या भाषेत भांडता येत नाही’, असं आपण म्हणतो.

म्हणून आमची सूचना अशी : कागदावर भाषेपुढे आकडा नको, क्रिया लिहा. घासाघीस करता येते. वाट विचारता येते. शपथ घेता येत नाही. विनोद कळत नाही. मग ड्वार्फांशी तह करायला गेलेल्या पाच जणांपैकी एकाला बाजारातलं ड्वार्व्हिश येईल, दुसऱ्याला त्यांचे जुने लेख वाचता येतील, तिसऱ्याला नुसता आवाजातला राग ओळखता येईल. कुणालाच पूर्ण येत नाही, म्हणून सगळ्यांची गरज लागते. टेबलाबाहेर कुणी पडत नाही, आणि अडचणही जिवंत राहते.

आता कॉमनबद्दल. त्या २०१४ च्या आवृत्तीत एल्फाला त्याची भाषा आणि वर कॉमन येते, ड्वार्फाचंही तसंच. माणसाला मात्र कॉमन आणि आवडीची एखादी. म्हणजे खास माणसाची अशी भाषा नाहीच; सर्वांची म्हणून ठरलेली तीच त्याची. बाकीच्यांनी ती शिकायची, आणि त्यांना ती शिकताना काय पडलं, हे नियमांत कुठे दिसत नाही. आपली मुलं इंग्रजी नियमपुस्तक उघडून मराठीत बोलत खेळतात, तेव्हा निदान त्यांना तरी हा प्रश्न सुचायला हवा.

कल्पित जगात ड्रॅगन चालतो, मग अडखळत बोलणारा नायक का नको? इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.