हवेत तरंगणारे फोटोग्राफर

2025 च्या ऑक्टोबरात ‘घोस्ट ऑफ योतेई’ हा व्हिडिओ गेम आला आणि पाठोपाठ त्याचे फोटो आले. फोटो म्हणजे खरं तर एकच फोटो. पाठमोरी नायिका आत्सू, समोर योतेई पर्वत आणि मधल्या हवेत गिंकोची पिवळी पानं. कधी पानांच्या जागी बर्फ, कधी पर्वताच्या जागी चंद्र, पण चौकट तीच, उजेड तोच, पात्राचं चौकटीतलं स्थानही तेच. हेही एक वेळ चाललं असतं. पण यातल्या बऱ्याच फोटोंच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचा वॉटरमार्क दिसला आणि डोकं फिरलं. डोंगराचा आकार, पानांचा रंग, उजेडाचा कोन हे सगळं गेम बनवणाऱ्या सकर पंच स्टुडिओतल्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून ठरवलं. त्यावर आपण बटण दाबून सही ठोकायची, म्हणजे जरा जास्तच झालं.

व्हर्च्युअल फोटोग्राफी, म्हणजे गेमच्या आत फोटो काढणं, ही कला आहे की नाही, हा वाद मला घालायचा नाही. तो निकालात निघाला आहे. विंटरथूरच्या फोटोम्युझियमने 2021 मध्ये त्यावर प्रदर्शन भरवलं, पुढच्या वर्षी ते लंडनच्या फोटोग्राफर्स गॅलरीत गेलं. कला आहेच. बहुतेक वेळा वाईट कला आहे, एवढंच.

इतिहास सगळ्यांना पाठ आहे. 1999 चा ‘पोकेमॉन स्नॅप’ आणि त्यातले फोटोंना मार्क देणारे प्रोफेसर ओक. (आमच्या एका मित्राला ते आडनावावरून सदाशिव पेठेतले वाटले होते. पोकेमॉन बरोब्बर मधोमध आला की गुण दुप्पट, ही त्यांची शिस्त पाहता अंदाज अगदीच चुकला असं म्हणवत नाही.) मग ‘ग्रॅन टुरिझ्मो 4’, आणि 2014 मध्ये ‘इन्फेमस सेकंड सन’ व ‘द लास्ट ऑफ अस रिमास्टर्ड’. तिथून फोटो मोडची साथच आली. आज मोठ्या बजेटचा गेम फोटो मोडशिवाय आला तर लोक निषेधाच्या मोहिमा काढतात.

पण हा मोड नेमकं करतो काय? बटण दाबलं की जग थिजतं. उडी मारलेला लांडगा हवेत, उसळलेला चिखल हवेत. कॅमेरा पात्रापासून सुटतो आणि एका अदृश्य गोलात हवा तिकडे फिरतो. मग पट्ट्या सरकवायच्या: लेन्स, एक्स्पोजर, ग्रेन, फिल्टर, फ्रेम. अ‍ॅपर्चरचा आकडा फिरवला तर खऱ्या कॅमेऱ्यात उजेड कमीजास्त होतो. इथे बहुतेक ठिकाणी फक्त पात्रामागचं जग धूसर होतं. तो आकडा निव्वळ सोंग आहे. पात्र नको असेल तर गायब करता येतं. त्याचा चेहरा आवडला नाही तर भाव बदलता येतात. 2018 च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये बायकोची रक्षा घेऊन निघालेल्या क्रेटॉसला मेनूतून हसवता येतं, आणि लोक हसवतात.

‘टाइम’ मासिकाने 2014 मध्ये इराक युद्धाचे फोटो काढणाऱ्या अ‍ॅशली गिल्बर्टसनला ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये पाठवलं होतं. त्याला खटकलं ते हे, की एवढा संहार चालू असताना पात्रांच्या चेहऱ्यावर वेदनाच नाही. गेमउद्योगाने या तक्रारीवर काय उपाय काढला? भावांची यादी. हवं ते निवडा.

आणि नाव कोणाचं घेतात बघा. एनव्हिडियाने 2016 मध्ये गेममध्ये मोकळा कॅमेरा फिरवण्याचं जे सॉफ्टवेअर काढलं त्याला अन्सेल अ‍ॅडम्सचं नाव दिलं. 1927 च्या एप्रिलमध्ये अ‍ॅडम्स योसेमिटीत हाफ डोमसमोर पोहोचला तेव्हा त्याच्याकडे काचेच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली. वापरल्यावर लक्षात आलं, की मनात जे काळंभोर आकाश आहे ते यात उतरणार नाही. मग शेवटच्या प्लेटेसाठी गडद लाल फिल्टर लावला. ‘मोनोलिथ’ हा फोटो त्या शेवटच्या प्लेटेतून आला. ती वाया गेली असती तर हात हलवत परत यावं लागलं असतं. त्याचं नाव लावलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्लेट संपत नाही, ढग हलत नाही आणि पाय दुखत नाहीत.

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ने 2020 मध्ये या मोडमध्ये वारा वाहता ठेवला हे कबूल. गवत डोलतं, पानं उडतात, दिवसाची वेळ बदलता येते. देखणं काम आहे. पण वाऱ्याची दिशाही आपणच ठरवायची असेल तर वाऱ्याची वाट बघण्याचं कारणच उरत नाही. त्सुशिमाच्या कुठल्याही टेकडीवर उभं राहून कॅमेरा कुठेही वळवा, चित्र तयारच असतं. वाईट फोटो काढायला तिथे मेहनत घ्यावी लागते.

गाड्यांचे चकचकीत फोटो काढणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. कंपनीचं ब्रोशर आधीच छापलेलं आहे. ‘लशफॉइल’सारखे खऱ्या कॅमेऱ्याची हुबेहूब नक्कल करणारे गेम ज्यांना मॅन्युअल मोड शिकायचा आहे त्यांना लखलाभ.

‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’बद्दल मात्र बोलायला हवं, कारण 2017 चा हा गेम आपल्या पश्चिम घाटात घडतो. होयसळांची शिल्पं, हळेबीडचं नाव, गणपती, परशुराम, हत्ती, ओला हिरवा डोंगर, सगळं आहे. नायिका क्लोई ठरावीक जागी पोहोचली की मोबाइल काढून फोटो घेते. म्हणजे महाबळेश्वरचे पॉइंट: गाडी थांबवा, इथे उभं राहा, दरी बघा, चला पुढे. घाटातल्या त्या मोठ्या खुल्या भागात बंडखोर आहेत, अवशेष आहेत, धबधबे आहेत. पण गाव नाही, गुराखी नाही, सरपणाची मोळी घेऊन उतरणारी बाई नाही. घाट रिकामा केल्याशिवाय तो सुंदर दिसत नाही अशी कोणाची तरी समजूत आहे. या गेमचे शेकडो देखणे फोटो पाहिले. हा रिकामेपणा दाखवणारा एकही दिसला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. नफ्ताली फॉकनर या माओरी माणसाचा ‘उमुरांगी जनरेशन’ हा 2020 चा गेम. पुढच्याच वर्षी त्याला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सगळ्यात मोठं, शेमस मॅकनॅली पारितोषिक मिळालं. तरी पट्ट्या सरकवणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात तो क्वचितच येतो. न्यूझीलंडचं तौरांगा शहर, नजीकचा भविष्यकाळ. ऑस्ट्रेलियातल्या 2019-20 च्या वणव्यांची धग त्यामागे आहे. तुमच्या हातात कॅमेरा आहे आणि कामाची यादी आहे: अमुक इतक्या अमुक वस्तू एकाच चौकटीत, अमुक गोष्ट अमुकच लेन्सने. कामं होत जातील तशा नव्या लेन्स मिळतात. दहा मिनिटांत आटपलं तर जादा पैसे. फिल्मचे रोल मोजके. ‘ब्लूबॉटल’ हे जेलीफिशसारखे जीव चुकून चौकटीत आले तर पैसे कापले जातात. आसपास मित्र उभे आहेत, एक पेंग्विनही आहे.

वाचताना हे पोरखेळासारखं वाटतं. पण यादी हातात घेऊन तुम्ही त्या जागेत फिरू लागलात की कळतं, काय चाललंय ते कोणीही सांगणार नाही. संवादातून काही कळत नाही. भिंती उभ्या राहिल्यात, संयुक्त राष्ट्रांचे सैनिक आलेत, भित्तिचित्रांत राग आहे, जमिनीवर पणत्या आणि फुलं ठेवलेली आहेत, आणि आकाश लाल होत चाललंय. तुम्ही मात्र यादीतली वस्तू शोधताय. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एखाद्या क्षुल्लक गोष्टीसाठी कोन जमवताना मागे जे दिसतं ते यादीत नसतं, आणि त्याचे पैसेही मिळणार नसतात. एक तरी रोल तुम्ही त्यावर खर्च करता का? गेम हा प्रश्न विचारत नाही, बक्षीसही देत नाही. तुम्ही काय केलंत ते रोल संपल्यावर तुमचं तुम्हालाच दिसतं. बातमीच्या फोटोग्राफीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ही कोंडी समजावून सांगावी लागणार नाही.

इथे कॅमेरा हवेत तरंगत नाही. तो पात्राच्या हातात आहे. उंचावरून फोटो हवा तर उंचावर चढावं लागतं, आणि तोवर घड्याळ चालूच असतं.

दुसरं नाव अ‍ॅलन बटलर. या आयरिश कलाकाराची ‘डाउन अँड आउट इन लॉस सँटोस’ ही मालिका 2015 पासूनची, शीर्षक ऑर्वेलची आठवण देणारं. ‘जीटीए 5’ मध्ये पात्राकडे फोन असतो, फोनमध्ये कॅमेरा. बटलर तो फोन घेऊन लॉस सँटोस या नकली लॉस एंजेलिसच्या पुलांखाली गेला आणि तिथल्या बेघरांचे फोटो काढू लागला. फ्री कॅमेरा नाही. चालत जायचं, जवळ जायचं, फोन वर करायचा. चेहरे रापलेले, कपडे मळलेले, शेजारी ढकलगाडी. यातलं काहीही योगायोगाने आलेलं नाही. बेघर माणसाच्या गालाला किती सुरकुत्या असाव्यात, त्याने कोणत्या पुलाखाली बसावं, हे कुठल्या तरी टेबलावर ठरलेलं आहे. ते ठरवणं त्या फोटोत पकडलेलं आहे.

लगेच आक्षेप येतो: तिथे माणूसच नाही, मग हा फोटो कोणाचा? सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढतात तेव्हा समोर नाव-गाव असलेला माणूस असतो, तो कॅमेऱ्याकडे बघतो आणि बघणाऱ्याला शरम वाटते. लॉस सँटोसच्या फुटपाथवर कोणीच राहत नाही. मान्य. म्हणूनच बटलरचे फोटो गरिबीचे नाहीत. गरिबीची जी कल्पना करोडो खेळाडूंना विकली गेली, तिचे आहेत. ऑस्ट्रियातल्या टोटल रिफ्युजल या गटाने ‘हार्डली वर्किंग’मध्ये हेच केलं. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’मधली धोबीण, सुतार, तबेल्यातला गडी आणि रस्ता झाडणारं एक पात्र यांच्यावर कॅमेरा रोखला. ही माणसं राबतात, पण काम कधीच पुरं होत नाही, कारण ती खेळाडूच्या मागे पार्श्वभूमी म्हणून हलत राहण्यासाठीच बनवलेली आहेत. या लघुपटाला 2023 चा युरोपियन फिल्म अवॉर्ड मिळाला. कपडे धुणाऱ्या त्या बाईला ओलांडून घोड्यावरून मावळतीचा फोटो घ्यायला गेलेल्यांनी तो जरूर पाहावा.

तर्काला धरून राहायचं तर फोटो मोडमधूनही असं काही निघू शकतं. अनेक गेममध्ये पाण्यातलं प्रतिबिंब पडद्यावर जे दिसतंय त्यावरूनच काढलेलं असतं; कॅमेरा खाली झुकवून डोंगर चौकटीबाहेर घालवला की पाण्यातला डोंगरही पुसला जातो. एवढी विलक्षण गोष्ट समोर असताना मंडळी ती चूक समजून कॅमेरा पुन्हा वर करतात. रॉबर्ट ओव्हरवेग या कलाकाराने गेमच्या नकाशाच्या टोकाला जाऊन तुटलेले रस्ते आणि हवेत लटकणाऱ्या वस्तू टिपल्या, त्याला पंधराएक वर्षं झाली. त्या वाटेने मागोमाग जाणारे थोडेच निघाले. कारण उघड आहे. कंपन्यांना हवेत पोस्टर, आणि पोस्टर फुकटात बनवून देणारे लोक रांगेत उभे आहेत. हॅशटॅग कंपनीचा, स्पर्धा कंपनीची, बक्षीस म्हणजे अधिकृत हँडलवर झळकणं. महागडं कन्सोल आपण घ्यायचं, गेमचे पैसे आपण द्यायचे, वर जाहिरातही आपणच करून द्यायची, आणि याला सर्जनशीलता म्हणायचं.

‘रेड डेड 2’मध्येच अल्बर्ट मेसन नावाचा एक फोटोग्राफर आहे. जंगली जनावरांचे फोटो काढायचं त्याला वेड. पहिल्याच भेटीत कोयोटी त्याची पिशवी पळवतो, पुढे लांडगे वेढा घालतात, मगरींजवळ जातो, कड्यावरून पडता पडता वाचतो. बहुतेक वेळी गेमचा नायक आर्थर मॉर्गनला त्याच्या मदतीला धावावं लागतं. रॉकस्टारने त्याला विनोदी केलंय, पण फोटो काढण्याबद्दल या माध्यमात इतकं नेमकं क्वचितच कोणी दाखवलं असेल. आर्थरला मिळणारा कॅमेराही हातात धरावा लागतो, जग चालूच राहतं. आणि याच कंपनीने 2019 च्या अखेरीस याच गेमला तरंगणारा, थिजवणारा फोटो मोड जोडला. त्यानंतर मेसनच्या कॅमेऱ्याला कोण हात लावतो?

म्हणून पुढचा गेम बनवणाऱ्यांना एकच सांगणं आहे. फोटो मोड काढून टाका. कॅमेरा पात्राच्या हातात द्या, रोल मोजून द्या, वेळ थांबवू नका, आणि लांडगे मोकळे सोडा.