'क्रिस्तपुराणा'तील सांत्वन : नवख्रिस्ती श्रोत्याच्या दृष्टीने एक पुनर्वाचन

प्रस्तावना

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चा उल्लेख मराठी वाङ्मयेतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक ग्रंथात येतो. मात्र तो बहुधा मराठी भाषेच्या थोरवीविषयीच्या काही ओव्यांपुरता मर्यादित असतो. एका इंग्रज धर्मगुरूने सतराव्या शतकाच्या आरंभी मराठीचा असा गौरव करावा, याचे अप्रूप आपल्याला वाटते आणि त्या अप्रूपातच अभ्यास थांबतो. दुसरीकडे, धर्मांतराच्या इतिहासाचे अभ्यासक या ग्रंथाकडे धर्मप्रसाराचे साधन म्हणून पाहतात. या दोन्ही दृष्टींत एक व्यक्ती दिसेनाशी होते. ती म्हणजे हे पुराण ऐकणारा साष्टीतील नवख्रिस्ती श्रोता. त्याला या ग्रंथातून कोणता धीर मिळाला, तो कशामुळे मिळाला आणि त्या सांत्वनाच्या मर्यादा कोणत्या, या प्रश्नांचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथ आणि ग्रंथकार

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे धोक्याचे होते. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड यांना श्रद्धेपायी अनेक वर्षे तुरुंगात काढावी लागली. स्टीफन्स १५७५ मध्ये रोम येथे येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते गोव्यास पोहोचले. पुढील सुमारे ४० वर्षांचे, म्हणजे १६१९ मधील मृत्यूपर्यंतचे, त्यांचे आयुष्य मुख्यत्वे साष्टी भागात गेले.

'क्रिस्तपुराण' राचोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या १६४९ आणि १६५४ मध्येही आवृत्त्या निघाल्या, परंतु या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 'पैले पुराण' आणि 'दुसरे पुराण' असे त्याचे दोन भाग असून एकूण ओवीसंख्या सुमारे ११,००० आहे. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची जुन्या करारातील कथा येते. दुसऱ्या भागात येशूचे चरित्र येते. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूर येथून हस्तलिखितांच्या आधारे त्याची आवृत्ती काढली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. तेव्हा हा ग्रंथ आधुनिक वाचकापर्यंत पोहोचला.

श्रोत्याची मागणी

पुराणाच्या आरंभीच्या प्रसंगात एक नवख्रिस्ती पाद्री गुरूंना प्रश्न विचारतो. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे चांगली आहेत, परंतु पूर्वीची पुराणे वर्ज्य केल्यावर त्यांच्या जागी काही तरी द्यायला नको काय, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. समीक्षकांनी या प्रसंगाकडे ग्रंथाचे निमित्त सांगणारा एक संकेत म्हणून पाहिले आहे. आमच्या मते संपूर्ण ग्रंथाचा अर्थ लावण्याची किल्ली येथे आहे.

या मागणीची पार्श्वभूमी विसरता येणार नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले होते. १५६७ मध्ये राचोलच्या किल्ल्याच्या कप्तानाच्या पुढाकाराने साष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीज सत्तेने गावातील प्रमुखांचा सूड घेतला. सोळाव्या शतकात गोव्यातून मिळवलेल्या रामायण-महाभारतावरील कथांची रोमन लिपीतील हस्तलिखिते आज पोर्तुगालमधील ब्रागा येथे आहेत. ज्या कथा गावाच्या ओठांवर होत्या, त्या कागदावर उतरून परदेशी गेल्या आणि गावाला मात्र त्या निषिद्ध ठरल्या.

अशा माणसाची गरज सिद्धांताची नव्हती. सिद्धांत त्याला प्रश्नोत्तरांच्या रूपाने पाठ करून घेतला जातच होता. त्याने गमावली होती ती संध्याकाळी चारचौघांत बसून ऐकण्याची कथा, दुःखाला नाव देणारी आणि दुःख सोसण्याचे बळ देणारी वाणी. त्याने पाद्री गुरूंकडे मागितले ते हे.

सांत्वनाची दोन उगमस्थाने

स्टीफन्स यांनी ही मागणी कशी पुरवली, हे समजण्यासाठी दोन परंपरा एकत्र पाहाव्या लागतात.

पहिली परंपरा येशूसंघाची. संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची 'आध्यात्मिक साधना' १५४८ मध्ये पोपच्या मान्यतेने प्रसिद्ध झाली. प्रत्येक येशूसंघीयाची घडण या साधनेतून होते. इग्नेशियस यांच्या विवेचनात 'सांत्वन' हा पारिभाषिक शब्द आहे. श्रद्धा, आशा आणि प्रीती यांची वाढ म्हणजे सांत्वन. केवळ सुखद भावना म्हणजे सांत्वन नव्हे. ख्रिस्ताच्या यातना पाहून डोळ्यांत येणारे अश्रूही सांत्वनच होत. याउलट मन अंधारते, देव दूर गेल्यासारखा वाटतो, ती अवस्था विषण्णतेची. अशा वेळी पूर्वीचा निश्चय बदलू नये, असा त्यांचा उपदेश आहे. या साधनेत साधकाने शुभवर्तमानातील प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर उभा करावा, त्यातील व्यक्ती पाहाव्यात आणि त्यांचे बोल ऐकावेत, अशी अपेक्षा असते.

दुसरी परंपरा मराठी ओवीची. स्टीफन्स यांचे ज्येष्ठ समकालीन एकनाथ यांचे निधन १५९९ मध्ये झाले. ज्या ओवीने ज्ञानदेव-एकनाथांनी गूढ तत्त्व सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचवले, तीच ओवी स्टीफन्स यांनी निवडली. नमनाने आरंभ, श्रोता-वक्ता संवाद, मध्येच उठणारी शंका आणि तिचे निरसन, विस्ताराने रंगवलेले प्रसंग हे सारे पुराणकथनाचे घाट त्यांनी स्वीकारले. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड चरण श्वास घेऊ देणारा, अशी ही रचना मुळात कानासाठी आहे.

इग्नेशियस यांची डोळ्यांसमोर प्रसंग उभा करण्याची साधना एकांतातील होती. ओवीने ती सामुदायिक केली. 'क्रिस्तपुराणा'चे खरे वाङ्मयीन यश आमच्या मते या ठिकाणी आहे. कालवारीवर पुत्राच्या क्रुसापाशी उभी असलेली मरिया ही साष्टीतील श्रोत्याला परकी राहत नाही. ती त्याच्याच भाषेत शोक करणारी माता होते. स्वर्गाला 'वैकुंठ', देवाला 'परमेश्वर' असे शब्द योजिले गेल्यामुळे नव्या श्रद्धेत आलेल्या माणसाला प्रार्थनेसाठी आपली जीभ टाकून द्यावी लागत नाही. त्याच वेळी 'बाव्तिस्मु', 'स्पिरितु सांतु' यांसारखे पोर्तुगीज-लॅटिन वळणाचे शब्द तसेच ठेवून, जेथे नवीन श्रद्धेचा गाभा आहे तेथे कवी तडजोड करीत नाही.

मर्यादा

येथे एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. ज्या व्यवस्थेने जखम केली, त्याच व्यवस्थेने दिलेली फुंकर खरी मानावी काय? हा आक्षेप वरवरचा नाही. मूर्तिपूजेवर येणारी टीका ऐकताना श्रोत्याला आपल्याच आजोबांच्या देव्हाऱ्याची आठवण होत असणार. शिवाय ज्या स्टीफन्स यांच्या मायदेशी कॅथलिकांना श्रद्धेसाठी छळ सोसावा लागत होता, त्यांनीच दुसऱ्यांच्या श्रद्धेवर बंदी घालणाऱ्या सत्तेच्या छायेत काम केले. हा विरोधाभास त्यांच्या काव्यात कोठेही उघडपणे सोडवलेला आढळत नाही. वाङ्मयीन दृष्टीनेही जेथे शंकानिरसन लांबते, तेथे कथा थांबते आणि कवीच्या जागी शिक्षक बोलू लागतो. अशा स्थळी ज्ञान मिळते, धीर मिळत नाही.

तरीही हा आक्षेप संपूर्ण सत्य सांगत नाही. एखाद्या ग्रंथाचा हेतू आणि त्याचे श्रोत्यांच्या जीवनातील कार्य ही दोन भिन्न गोष्टी होत. 'क्रिस्तपुराणा'चा पुढील इतिहास हेच दर्शवितो. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषेचा वापर सोडून देण्याचा हुकूम काढला. म्हणजे ज्या सत्तेच्या छायेत हे पुराण जन्मले, तिलाच त्याची भाषा नकोशी झाली. यानंतर राचोलला त्याची पुनरावृत्ती निघाल्याचे आढळत नाही. असे असूनही ग्रंथ नष्ट झाला नाही. गोव्यातून दक्षिणेकडे कॅनरात स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. या समाजाला २४ फेब्रुवारी १७८४ रोजी टिपू सुलतानाच्या आज्ञेने बंदिवान करून श्रीरंगपट्टणला नेण्यात आले आणि १७९९ मध्ये टिपूच्या मृत्यूनंतर वाचलेल्यांची सुटका झाली. चर्चेस पाडली गेली आणि धर्मगुरू हद्दपार झाले, अशा काळातून हा समाज गेला. तरीही सव्वाशे वर्षांनी साल्ढाणा यांना आवृत्तीसाठी हस्तलिखिते मिळाली ती याच प्रदेशात.

सत्तेची आज्ञा मानून कोणी ग्रंथ पिढ्यान्पिढ्या उतरवून ठेवीत नाही, आणि येथे तर आज्ञा उलटच होती. ज्यातून बळ मिळते तेच माणसे जपतात. श्रोत्यांनी हा ग्रंथ देणाऱ्याकडून घेतला आणि आपला केला. या अर्थाने 'क्रिस्तपुराणा'तील सांत्वनाचे कर्तेपण एकट्या स्टीफन्स यांचे नाही. ते गाणाऱ्यांचे आणि नकलून ठेवणाऱ्यांचेही आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'क्रिस्तपुराणा'चे मूल्य केवळ मराठीच्या स्तुतीत नाही. कथा गमावलेल्या समाजाला पुन्हा कथा देण्याच्या प्रयत्नात ते अधिक आहे.

२. येशूसंघीय ध्यानपद्धती आणि मराठी ओवी यांच्या संयोगातून या ग्रंथातील सांत्वनाचा स्वर सिद्ध झाला आहे. प्रसंगचित्रणात तो प्रभावी ठरतो, वादविवादात क्षीण होतो.

३. त्याच्या जन्मामागील बळजबरीची पार्श्वभूमी झाकून त्याचा गौरव करणे अप्रामाणिक ठरेल. त्याचबरोबर, त्या पार्श्वभूमीमुळे श्रोत्यांचा अनुभव खोटा ठरविणे हेही त्यांच्यावर अन्यायाचे होईल.

कॅथलिक परंपरेत आध्यात्मिक नवजीवनाचा संबंध नेहमी क्रुसाशी जोडला जातो: यातना टाळून नव्हे, तर यातनेतून जाऊन आशा. साष्टीतील श्रोत्याने जो ख्रिस्त ऐकला तो विजेत्यांचा सेनापती नव्हता. तो सत्तेने पकडलेला आणि शिक्षा झालेला माणूस होता. हे पुराण विजेत्यांच्या हातून आले, तरी त्यातील नायक पराभूतांच्या बाजूचा होता. बंदिवासातून परतलेल्या समाजाजवळ ते का टिकले, याचे उत्तर या ठिकाणी शोधावे लागेल. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात हा ग्रंथ चार-दोन ओव्यांच्या पलीकडे शिकवला गेला, तर श्रद्धा, सत्ता आणि भाषा यांच्या परस्परसंबंधांचा एक दुर्मीळ मराठी दस्तऐवज विद्यार्थ्यांच्या हाती येईल.