‘नष्ट’ या शब्दाविषयीं

गेल्या पावसाळ्यांत भोरहून एक परिचित गृहस्थ आमचेकडे आले. त्यांचें शेत वेल्ह्याकडे, गुंजवणीच्या खोऱ्यांत. घरांत कर्करोगाचें दुखणें. खिशांतून वर्तमानपत्राचें कात्रण काढून त्यांनीं विचारलें, हा लाईट पुण्यांत कोठें देतात? लेसरनें कर्करोगाच्या पेशी नष्ट झाल्या, असा त्याचा मथळा होता. ‘प्रयोगशाळेंत’ हा शब्द सातव्या ओळींत.

आमचे रुग्ण किरणोपचारास ‘लाईट घेणें’ म्हणतात. तेव्हां गैरसमजाचा दोष त्या गृहस्थांचा नव्हे. लेसर ही निराळी वस्तु. २००३ सालीं अमेरिकेंतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनीं सिलिकाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांवर सोन्याचा मुलामा देऊन ते कण स्तनकर्काच्या पेशींत मिसळले व त्यांवर अवरक्त लेसर सोडला. सोनें प्रकाश शोषून तापलें, पेशी मेल्या. ज्यांत कण नव्हते त्या पेशी मात्र त्याच प्रकाशांत जगल्या. प्रयोगाचें सारें मर्म या जगलेल्या पेशींत आहे, आणि अशा टिपणांतून नेमकी हीच ओळ गळते!

काचेच्या बशींत रक्त वाहत नाहीं, यकृत नसतें, खोलीहि नसते. शरीरांत हा प्रकाश थोड्याच सेंटिमीटरांत क्षीण होतो. म्हणूनच पुढें पुरःस्थ ग्रंथीच्या कर्कावर हा उपाय करून पाहतांना लेसरचा तंतु थेट ग्रंथींत घालावा लागला. त्या चाचणीचा १६ रुग्णांवरील वृत्तान्त २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. बशीपासून त्या सोळा माणसांपर्यंत सोळा वर्षें! शिवाय त्यांचा रोग सौम्य वा मध्यम धोक्याचा होता. सर्वांगांत पसरलेला नव्हे.

लेखकास आम्ही लबाड म्हणत नाहीं. तो घाईनें भाषांतर करतो इतकेंच. परंतु बशींतील पेशी म्हणजे काय हें मराठीस परकें नसावें. पुण्यांत जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनींच मुंबईस भारतांतील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली होती.

त्या गृहस्थांस आम्ही त्यांच्या डॉक्टरांकडेच परत धाडिलें. मागाहून मथळा स्वतः लिहून पाहिला: ‘बशींतील कर्कपेशी लेसरनें मेल्या, माणसावर प्रयोग अद्याप नाहीं.’ कात्रणाच्या दोन स्तंभांत तो सहज मावला.