अश्विनातला किनारा

कोकणचं कौतुक आपण दोनच मोसमांत करतो: मे महिन्यात आंब्याचं आणि आषाढ-श्रावणात धबधब्यांचं. माझा जीव मात्र तिसऱ्याच दिवसांत अडकला आहे. गणपतीला आलेले चाकरमानी मुंबईला परतलेले असतात, दिवाळीच्या सुट्टीची गर्दी अजून यायची असते. नवरात्रापासून वसुबारसेपर्यंतचे हे दिवस लॉजवाल्यांच्या हिशेबात ऑफ सीझन. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही वर्षानुवर्षं ३१ ऑक्टोबरपर्यंत चालत आलं, म्हणजे रेल्वेच्या लेखी हा पावसाळाच. प्रत्यक्षात याच दिवसांत किनारा पहिल्यांदा मोकळा श्वास घेतो.

जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्यात आम्ही टोकाच्या हवेची माणसं. मेमध्ये जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि थंडीच्या लाटेत तोच दहाच्या खाली उतरतो. आम्ही हवा सोसतो, तिचा आस्वाद घेणं आमच्या अंगवळणी नाही. त्यात अश्विन म्हणजे घाईचा महिना. बोंडं फुटलेली, दसऱ्याला कापसाचा मुहूर्त, वेचणीला माणूस मिळेना. म्हणून खानदेशी माणूस या दिवसांत कोकणात फारसा दिसत नाही. तो मेमध्ये पोरांच्या शाळा सुटल्यावर येतो, गणपतीपुळे, पावस, मालवण भराभर उरकतो आणि घामाच्या धारा पुसत परततो. मला वाटतं, मवाळ हवेची खरी किंमत ज्याला कळेल, तो आमच्यासारखाच, उन्हात भाजून निघालेला माणूस. फक्त त्याने मुक्कामाला यायला हवं.

मुक्काम का, ते वाऱ्यावरून कळतं. पावसाळाभर नैऋत्येचा वारा एकतर्फी येत असतो, त्याच्यापुढे दुसऱ्या कुणाची मात्रा चालत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोसमी वारे माघार घेतात आणि जमीन नि समुद्र यांचं रोजचं देणंघेणं पुन्हा सुरू होतं. जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाणी दोन्ही बाबतींत सावकाश. म्हणून दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे जातात. शाळेच्या भूगोलात एका परिच्छेदात उरकलेली ही गोष्ट इथे अंगावरून जाते. पहाटे मतलई सुटलेला असतो. त्याला कापलेल्या भाताचा, ओल्या पेंढ्याचा वास असतो आणि समोरचं पाणी सपाट असतं. नऊच्या पुढे तो मंदावतो. दहा-अकराच्या सुमारास एक वेळ अशी येते की माडाचं झावळंही हलत नाही. ही दिवसातली सर्वांत कठीण वेळ. अंग चिकचिकतं, सदरा पाठीला चिकटतो. ऑक्टोबरचा उकाडा किनाऱ्यालाही चुकलेला नाही. मग पश्चिमेकडून पहिली झुळूक येते, पाण्यावर बारीक चुण्या पडतात आणि दुपार चढेल तसा खारा वारा भरत जातो. शिडाच्या होड्यांचं सगळं गणित यावर होतं: पहाटे मतलईवर बाहेर पडायचं, दुपारनंतर खाऱ्यावर घरी यायचं. त्या निर्वात तासाशिवाय नंतरच्या झुळुकीला अर्थ नाही. गाण्यात समेआधीचा ठेहराव जसा, तशी ती वेळ. एका दिवसाच्या पाहुण्याला यातला एखादा तुकडाच मिळतो. बहुधा तो नेमका अकराचा असतो, आणि पाहुणा कोकणच्या हवेला नावं ठेवून जातो.

दुसरी लय पाण्याची. गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडला मी ज्यांच्याकडे उतरतो त्या वैनींना भरती कधी विचारलं, तर त्या घड्याळाकडे बघत नाहीत, कालनिर्णयकडे बघतात. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ आली. दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. सकाळी तेच, रात्री तेच. थोडं मागेपुढे होतं, पण हिशेब ढोबळमानाने चुकत नाही. याचा परिणाम बघा. दसऱ्याच्या संध्याकाळी सूर्य बुडताना पाणी चढत असतं, चालायला वाळूची जेमतेम पट्टी उरते. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. कोजागिरीला त्याच वेळी ओहोटी असते, आणि वाळूचं सगळं मैदान पायाखाली येतं. जागा तीच, वेळ तीच, किनारा मात्र रोज निराळा. मे महिन्यातही हे घडतंच. पण तेव्हा घोडागाड्या, भेळेच्या गाड्या आणि पोरांचे फुगे यांतून ते दिसायला जागा नसते.

तिसरी गोष्ट ताटातली. नवरात्रात बऱ्याच घरांत मासे बंद असतात. दसरा झाला की बांगडा येतो, आणि त्या दिवसांतला बांगडा मी पापलेटच्या वर ठेवतो. हळवं भात कापून झालेलं असतं, अंगणात पेंढ्या झोडल्या जात असतात. नवा तांदूळ शिजला की चिकट होतो, म्हणून पाहुण्याला वाढायला घरची बाई कचरते. आग्रहाने मागून घ्यावा. मऊ भात, वर मेतकूट आणि तुपाची धार. नवान्न पौर्णिमेला भात-नाचणीच्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंफून दाराला बांधतात. ते ‘नवं’ बघितलं की आमच्या पहिल्या वेचणीचा कापूस आठवतो. आणि चिबूड! पिकला की तो वेलीवरच उलतो, प्रवास त्याला सोसत नाही. गूळ घालून तिथेच, त्याच दिवशी खायचा. जळगावच्या बाजारात तो कधी मिळणार नाही, आणि मला ते योग्यच वाटतं.

तरी हे दिवस ऑफ सीझन, कारण मोसम माणसं ठरवतात, हवा ठरवत नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर १९२० च्या दशकापर्यंत हिवाळा हाच गर्दीचा काळ होता. थंड देशांतले धनिक तिथे ऊन खायला जात आणि उन्हाळ्यात हॉटेलं कुलूपबंद होत. आज तिथे नेमकं उलट आहे.

या हवेला फार गोड रंगवायचं नाही. परतीचा पाऊस विजा घेऊन संध्याकाळी येतो आणि कापून ठेवलेलं भात भिजवतो. ऑक्टोबर २०१९ मधल्या क्यार वादळाने उभी पिकं लोळवली. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयानमध्ये समुद्रावर गेलेले कितीतरी मच्छीमार परतले नाहीत. आणि हवा गोड असली तरी ती प्रत्येकाला सुखाची झाली नाही: रत्नागिरीत भाट्याच्या खाडीवर उंच जागी थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत याच गावात नजरकैदेत होता. १९१० मध्ये बांधून झालेल्या त्या वाड्याला वारा भरपूर आणि दृश्य अप्रतिम आहे. तिथे उभं राहिलं की कळतं, या किनाऱ्याचं सुख आपल्या मर्जीने येणाऱ्याला आहे.

आमच्याकडून जाणं अवघड नाही. जळगावला मंगला एक्सप्रेसमध्ये बसलं की ती मनमाड, नाशिक, पनवेल करत थेट रत्नागिरीला सोडते. तिथून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने मालगुंड. दसऱ्याचं सोनं वाटून निघावं म्हणजे कोजागिरी तिथे मिळते. छत्री बरोबर असू द्यावी. पडवी पश्चिमेला असलेली खोली मागावी. दहा ते अकरा काहीही ठरवू नये, पंख्याखाली पडून राहावं. गणपतीपुळ्याला जायचं तर संकष्टी टाळावी. वसुबारसेच्या आत निघावं. त्यानंतर खोल्यांचे भाव दुप्पट होतात आणि वैनींना भरतीची वेळ सांगायला सवड नसते.